सुईचा ताप

— नाही, विहीणबाई, सुईला बोल लावू नका. मला लावा, डॉक्टरीणबाईंना लावा, ह्या बाकाला लावा हवं तर, दहा दिवसांत कंबर मोडलीय त्यानं – पण सुईला नको. ऐकलंय मी, बहिरी नाही झाले अजून. मंगळवारी सुई टोचली, गुरुवारी ताप आला, म्हणजे ताप सुईचाच. आणि आज इथून सोडलं की लेक नि नातू थेट तुमच्या घरी, आणि तिथं आता एकही सुई नाही, शाळेत जाईपर्यंत नाही. तुमच्या लेकीनंही काल मान डोलावली – "आई म्हणते तेच बरोबर." ती मान डोलावत होती तेव्हा मी समोर बसून दुपट्याची घडी करत होते. एकाच दुपट्याची चार वेळा केली. तुमच्या लक्षात आलं नसेल, तुम्ही बोलत होतात.

आता डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? लघवीत जंतू सापडले म्हणाल्या. लघवीत – मांडीत नाही. ती लघवी मिळवली कशी, ते तुम्ही पाहिलं नाहीत, तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात. सिस्टरनं त्याच्या ओटीपोटावर गार पाण्याचा बोळा फिरवला, फिरवला, फिरवला, आणि डॉक्टरीणबाई, सिस्टर, तुमची लेक नि मी – चार बाया एवढुश्या पोराच्या मुताकडे डोळे लावून उभ्या. पहिली धार गेली सिस्टरच्या बाहीत. दुसरी बाटलीत आली तेव्हा सगळ्यांनी असा श्वास सोडला की जणू काय मुंज्या उतरला झाडावरून. तर त्या बाटलीत जंतू निघाले. तेच जंतू पोराचा ताप. दहा दिवस शिरेतून औषध दिलं, जंतू मेले, ताप गेला. ह्यात सुई कुठं आली? – असं मी नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यावर तुम्ही म्हणता, सुईनं अंगातली ताकद गेली म्हणून जंतू चढले. तुम्हाला बोलण्यात कोण जिंकणार. तीस वर्षं वर्गात उभ्या राहून बोललात तुम्ही, समोर पन्नास पोरं, एकाचीही छाती नव्हती उलट बोलायची.

पण मास्तरीणबाई, तुम्हीच त्या पोरांना शिकवलं असेल – कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. शिकवलंत ना? परीक्षेतही घातली असेल, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. मग ही तीच गत. सुईच्या वेळा आणि पोरांच्या आजारपणाच्या वेळा, दोन्ही एकाच वयात येतात. दीड महिना, अडीच महिना, साडेतीन महिना – पोर ह्याच दिवसांत सर्दीनं गळतं, ह्याच दिवसांत पोट बिघडतं. जन्मल्या-जन्मल्या डाव्या दंडावर एक, ती नंतर पिकते, फोड येतो, फुटतो, खूण राहते, तिला हात लावायचा नाही. मग दीड महिन्याला मांड्यांवर, आणि तोंडात थेंब. मग अडीचला पुन्हा तेच, साडेतीनला पुन्हा तेच. नऊ महिन्यांना गोवराची. सगळं पाठ आहे मला. आमच्या गल्लीत बायकांचं कार्ड हरवलं की त्या दवाखान्यात जात नाहीत, माझ्याकडे येतात – "काकू, माझ्या धाकटीचं कुठवर झालंय हो?" मी सांगते, तुझं साडेतीनचं राहिलंय, त्या दिवशी तुझी नणंद आली होती म्हणून गेली नाहीस. तोंडावर सांगते.

आणि सुईचा ताप म्हणजे काय तेही मलाच विचारतात. सुईचा ताप त्याच दिवशी येतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी. दोन दिवसांत जातो. पोर किरकिरतं, पण पितं. मांडीवर गाठ येते, गार फडकं ठेवायचं, चोळायचं नाही. हे मी तुमच्या लेकीला तिच्या सातव्या महिन्यापासून सांगत आलेय. तेच तर नडलं. गुरुवारी सकाळी पोर तापलं, काखेत तापाची काच लावली, तुमच्या लेकीनं वाचलं एकशे एक, आणि वर मलाच म्हणते कशी – "आत्याबाई, घाबरू नका, सुईचा ताप आहे, तुम्हीच तर सांगितलंय दोन दिवसांत जातो." माझंच वाक्य. माझ्याच आवाजात म्हणाली मेली, नक्कल चांगली करते.

काय? हो, औषधाच्या दुकानातही विचारलं तिनं. दुकानदार म्हणाला, "लस दिलीय ना परवा? होतं मग तसं. हे थेंब द्या." त्यालाही काय बोलणार. ज्याला त्याला एकच सांगितलं जात होतं, तर ज्यानं त्यानं एकच उत्तर दिलं. थेंबांनी ताप तासभर उतरायचा, की सगळे खूश. मी त्याच्या दुपट्यांवर नजर ठेवून होते. एरवी दुपारपर्यंत सहा भिजवणारा पोरगा, त्या दिवशी दोन. छातीला लावला की दोन घोट घ्यायचा आणि झोपायचा. त्याचं रडणं पातळ झालं होतं. तुम्हाला कळतं ना, पातळ म्हणजे काय – मांजराचं पिल्लू दुसऱ्या खोलीत असावं तसं. आणि पोट विस्तवासारखं, पाय मात्र गार. मी म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ. ती म्हणाली, उद्यापर्यंत बघू. माझ्या पोराला फोन केला कामावर, तोही म्हणाला, आई, तूच सांगतेस ना दोन दिवस. मी काय बोलणार? माझीच म्हण माझ्याच डोक्यात घातली दोघांनी.

बोलण्यासारखं होतं माझ्याकडे. नव्हतं असं नाही.

बसा जरा. नाही, उठू नका, चहा पळून जात नाही. लेक तुमची आत कागद करतेय, त्या खिडकीवर आज दोनच माणसं आहेत, म्हणजे अर्धा तास. एवढ्यात सांगून होईल. विहीणबाई, ते कावळ्याचं म्हटलं ना मी – तर, कावळा बसलाच नव्हता.

म्हणजे सुई टोचलीच नाही त्याला. मंगळवारी. कुठलीच नाही – ना डाव्या मांडीवर, ना उजव्या, थेंबही नाहीत.

वेड नाही लागलं मला. पट्टी होती, खरंय, तुमच्या लेकीनं सांगितलं असेल तुम्हाला, मांडीवर गोल पट्टी होती. ती मी लावली. येताना दुकानातून घेतली. तिच्या आधी कापूसही लावून पाहिला, पण कापूस राहीना, पोरगं पाय झाडतं. पट्टी राहिली. संध्याकाळी तुमची लेक त्या मांडीवर गार फडकं ठेवत होती, बदलत होती, पुन्हा ठेवत होती. "आत्याबाई, गाठ आलेलीच नाही हो," म्हणाली. मी म्हटलं, हात हलका असेल सिस्टरचा. आणि कार्ड? कार्ड तिकडेच ठेवून घेतलंय म्हणून सांगितलं, पुढच्या वेळी शिक्का मारून देणार आहेत. कार्ड माझ्या पिशवीत आहे. हे घ्या. बघा. दाराशी नका धरू, इकडे धरा. जन्माच्या रकान्यात शिक्के आहेत, पुढे सगळं कोरं. कोरं मलाही ओळखता येतं.

आता ओरडायचं तर ओरडा, पण हळू, ह्या भिंतीपलीकडे सात पोरं झोपलीत.

लसीच्या दवाखान्यात नंबर हुकला माझा. काय झालं, बाकावर एक बाई भेटली, तिचं जुळं होतं, जुळ्यांच्या सुया कशा लक्षात ठेवायच्या ह्यावरून बोलणं लागलं, आणि माझं तोंड तुम्हाला माहीतच आहे, सुरू झालं की – आणि नंबर गेला, बारा वाजले, खिडकी बंद. असं झालं. बोलण्याच्या नादात.

काय बघताय अशा? नाही पटलं? तुमच्या वर्गातली पोरं बिचारी. गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला म्हणणाऱ्याचीही सुटका नसेल झाली कधी.

बरं. जुळ्यांची बाई नव्हती.

नंबर आला होता माझा. वेळेवर आला, मोठ्यांदा पुकारला. मी उठले, खिडकीशी गेले, पोर खांद्यावर. तर खिडकीतल्या मुलानं कागद पुढे सरकवला – "काकू, हा भरा आणि आत द्या." गल्लीतल्या बायकांबरोबर जायचे तेव्हा असं नव्हतं. सिस्टर तोंडी विचारायची, आपण तोंडी सांगायचं, ती लिहायची. आता नवीन पद्धत. मी म्हटलं, चष्मा विसरले बाबा घरी. तो म्हणतो, "गळ्यात आहे की." होता. दोरी लावून. मी म्हटलं, हा शिवणाचा आहे. खोटं नव्हतं ते, शिवणाचाच आहे, सुईत दोरा ओवायला पोरानं करून दिलाय. तो हसला, वाईट नाही हसला, म्हणाला, "मग कुणाकडून तरी भरून घ्या." आणि पुढचा नंबर.

मी बाकावर आले. कागद मांडीवर, पोर कागदावर. शेजारी कोण? आमच्याच गल्लीतली, कोपऱ्यावरच्या शिंप्याची सून. हिच्या दोन्ही पोरांना माझ्याच सांगण्यावर टोचलेलं. "काकू, आज दीड महिन्याचं का?" म्हणाली. म्हटलं, हो. आता हिला सांगायचं, बाई, मला हा कागद वाचून दाखव? तिच्या घरी मी खणात हात घालून कार्ड काढायचे, नाकाशी धरायचे, मान हलवायचे, आणि मग सांगायचे पुढची तारीख. मान हलवायचे ती उगाच. तारीख डोक्यातूनच सांगायचे, पण कार्ड धरलं की लोकांना बरं वाटतं.

हो. असंच आहे ते, विहीणबाई. तुम्हाला सातवी सांगितली होती ना, लग्न ठरवताना? पोरानं सांगितली. मी म्हटलं होतं त्याला, चौथी सांग, चौथी निभावेल. तो म्हणाला, समोरच्या बाई मास्तरीण आहेत, चौथीनं भागायचं नाही. त्यातली एकही झाली नाही. पहिलीच्या दारातून परत आणलं मला बापानं, घरी धाकटी सांभाळायला कुणी नव्हतं. आणि तुमचं ते पत्र, दोन पानी, बाळंतपणानंतर पाठवलं होतंत – मी तुम्हाला फोनवर म्हटलं, वाचून डोळे भरून आले. डोळे भरून आले होते, ते खरं आहे. ते दुसऱ्या कशानं. पत्र जपून ठेवलंय, चुरगळलेलं नाही. काय लिहिलं होतं त्यात, कधीतरी सांगा, घाई नाही.

कागदाचं राहिलं. त्यावर ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीपुढे दोन चौकोन. एकापुढे छोटा शब्द, एकापुढे मोठा. एवढी अक्कल मला आहे की छोटा असेल तो हो आणि मोठा असेल तो नाही. पेन होतं, शिंप्याच्या सुनेनं दिलं न मागता. मी खुणा करायला घेतल्या. पण मग हात थांबला. ओळीत काय विचारलंय? बाळ नीट पितं का – तर छोटा. बाळाला झटके येतात का – तर मोठा. उलटं झालं म्हणजे? उलट्या खुणेपायी सुई दिली नाही तर ठीक, पण देऊ नये असं काही असताना दिली तर? माझ्या लाजेपायी पोराच्या अंगात चुकीचं काही जायला नको. म्हणून पेन परत दिलं. कागद घडी करून पिशवीत घातला. शिंप्याची सून आत गेली तशी मी मागच्या दारानं बाहेर. म्हटलं, माझ्या पोराला सुट्टी मिळाली की त्याला घेऊन येईन, तो भरेल, दोन दिवसांनी काय बिघडतंय. घरी तर सांगायचं ना काहीतरी. मीच हट्ट केला होता – तू पडून राहा, टाके आहेत तुझे, मी नेते, मला काय नवीन आहे. तुमच्या लेकीनं दारातून विचारलं, "टोचलं?" आणि मी म्हटलं, टोचलं.

एक शब्द. आणि गुरुवारी त्या एका शब्दाची किंमत हे पोर मोजायला लागलं. त्याला ताप, आणि घरात सगळे निवांत, का, तर सुईचा आहे. एकट्या मला ठाऊक की सुई नाही. मग ताप कशाचा? घरात असं माणूस एकच, ज्याला भ्यायला हवं हे माहीत होतं, आणि ते माणूस दुपटी मोजत बसलेलं. सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत. सात तास. मोजलेत मी. सांगते म्हणायचे, आणि तोंड उघडलं की दुसरंच निघायचं – गॅस बंद केलास का, दार लाव, असलं काहीतरी. इतकी वर्षं बोलतेय मी, विहीणबाई, कधी शब्दासाठी अडले नाही. त्या दिवशी अडले.

चारला त्यानं छाती तोंडातच घेतली नाही. मग मी काय केलं, तर छातीला हात लावला आणि जमिनीवर बसले. माझ्या छातीला हो. म्हटलं, सूनबाई, कळ येतेय, डाव्या हातापर्यंत जातेय. ती घाबरली, रिक्षा आणली, आणि पोराला घरी कुणाकडे ठेवणार – घेतलाच बरोबर. इथं आलो, तर लोक मलाच खाटेवर घालायला लागले. तारा लावल्या अंगाला. मी ओरडून सांगतेय, आधी पोराला बघा, आणि ती सिस्टर म्हणते, "आजी, बोलू नका, यंत्र हलतं." यंत्रानं सांगितलं, छाती ठणठणीत आहे. तुमची लेक म्हणाली, मग दुखलं कसं? म्हटलं, यंत्राला काय कळतंय.

पण डॉक्टरीणबाईंनी पोराला हातात घेतलं होतं एव्हाना. एकदा टाळूवर हात ठेवला, एकदा पाय दाबून पाहिला, आणि त्यांचा चेहरा बदलला. विचारलं, लस? लेक म्हणाली, परवाच. त्यांनी मांडीवरची पट्टी काढली, बोटानं दाबलं, दुसरी मांडी दाबली, आणि माझ्याकडे पाहिलं. लेकीला म्हणाल्या, "तुम्ही जरा खिडकीवर नाव नोंदवून या." ती गेली. मी म्हटलं, सुई नाही दिली. बस, एवढंच. सात तास अडलेलं, तीन शब्दांत संपलं. त्या म्हणाल्या, "दिली असती तरी तपासलंच असतं. तीन महिन्यांच्या आतलं पोर तापलं की घरी बसून वाट बघायची नसते, सुई असो, नसो." ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, आपलं आपण रडून मोकळी झाले असते. नुसतं विचारलं, "आईला कोण सांगणार?" मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, "घरी जायच्या आधी सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल. त्याच्या सुया पहिल्यापासून सुरू करायच्यात." त्याला आज दहा दिवस झाले. रोज म्हणते, आज. रोज तुम्ही सुईला शिव्या देता, आणि मी ऐकत बसते, कारण तुम्ही सुईला शिव्या देताय तोवर मला कुणी देत नाही. फार सोयीचं होतं ते. काल लेकीनं मान डोलावली तेव्हा कळलं, सोय कुणाची आणि भरणार कोण.

धाकटी म्हटलं ना मघाशी, जिला सांभाळायला मला शाळेतून काढलं. डांग्या खोकल्यानं गेली ती. खोकायची, खोकायची, निळी व्हायची, मग श्वास आत घेताना कोंबड्यासारखा आवाज. अडीच महिन्यांची होती. नाव ठेवायचं राहिलं होतं. मी सहा वर्षांची, तिला मांडीवर घेऊन बसलेले, मला कुणी सांगितलंही नाही, मी आपली हलवतेच आहे मांडी. डांग्या खोकल्याची सुई तेव्हा आमच्याकडे पोचली नव्हती. आता आहे, आणि ज्या मांडीत जायला हवी ती मांडी माझ्यामुळे कोरी आहे, आणि तुम्ही म्हणता, शाळेत जाईपर्यंत कोरीच राहू दे. नाही, विहीणबाई. तेवढं नाही.

काय म्हणालात? – हो, तेही धरून चाललेय मी. पुन्हा पोर माझ्या हाती देणार नाही ती. द्यायचं तरी कशाला, तिच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. तुमच्याकडे घेऊन जा खुशाल, महिना ठेवा, वर्ष ठेवा. आमच्या गल्लीतही कळेल, शिंप्याची सून हसेल, हसू दे, तिच्या धाकट्याची दीड वर्षाची राहिलीय तेवढी तिला आठवण करा कुणीतरी. पण तुमच्या दारात ह्याला अडीच महिन्यांचं व्हायच्या आत दीड महिन्याचं टोचलं पाहिजे, आणि कागद तुम्ही भरायचा. तुम्हाला येतो.

तुम्ही सांगू नका तिला. तुम्ही सांगाल ते शुद्ध सांगाल, आणि त्यात मी कुठंच नसेन. अशुद्ध का असेना, माझं मी सांगते. – आली बघा ती खिडकीवरून, हातात पिशवी आहे. तुम्ही आत जा पोराजवळ, उठलं असेल. डोळे पुसा आधी, आणि त्याला कडेवर घ्या. नाही, तुम्ही इथं नको, मास्तरीणबाई, तुमच्यासमोर जमणार नाही मला. जा म्हणते ना. आणि दार ओढून घ्या.